कारंज्याच्या पोथ्यांनी राखलेला कवी



वाशीम जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे तुमच्या मनात काय काय येते? वाशीमचा बालाजी येतो, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ येतात, पोहरादेवीची यात्रा येते, कारंज्याचे गुरुमंदिर येते. शेतकरी असाल तर कापूस, तूर आणि सोयाबीन येईल. पण पुस्तक? ग्रंथ? तो काही चटकन आठवत नाही. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या जिल्ह्यातल्या ग्रंथांविषयीच. त्यातही एका ग्रंथकाराविषयी. त्याची कीर्ती मोठी, पण त्याचे घर या जिल्ह्यात नव्हते. तरीही त्याची अक्षरे या जिल्ह्याने जपली.

आधी ज्याची अक्षरे हरवली, त्याची गोष्ट ऐका. म्हणजे जपणुकीचे मोल कळेल.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक घराण्याची एक शाखा येथे राज्य करीत होती. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. तो राजा होता आणि कवीही होता. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना, त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, ती कथा त्यात होती. हे काव्य साधेसुधे नव्हते. काश्मीरच्या आनंदवर्धनाने आपल्या ‘ध्वन्यालोका’त त्याचा उल्लेख केला, कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीला बसवले, माळव्याच्या भोजराजाने त्यातली पद्ये उदाहरणादाखल घेतली. खुद्द या नगरीची कीर्ती अशी की, राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्म नगरातच लावून दिले आहे!

आणि एवढे असून ते काव्य आज नाही. त्याची एकही पूर्ण पोथी सापडलेली नाही. इतरांनी उदाहरणे म्हणून जी पद्ये उचलली, तेवढीच उरली. डॉ. वा. म. कुलकर्णी यांनी ती वेचून १९९१ साली एकत्र छापली. म्हणजे वाडा पडून गेला, आणि शेजाऱ्यांनी उसन्या नेलेल्या चार वस्तूंवरून आपण त्या वाड्याची कल्पना करायची, असा हा प्रकार झाला.

कवीच्या चरित्राचीही तीच गत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे, पण तिथे सर्वसेनाच्या नावाची अक्षरे झिजून गेली होती. जुन्या अभ्यासकांना ती नीट लागली नाहीत. पुढे १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. तो सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा, राज्यवर्ष ३७ चा. त्यात सर्वसेनाचे नाव स्वच्छ होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या लेखांची सांगड घालून वत्सगुल्मच्या शाखेचा इतिहास उभा केला. आता गंमत पाहा. मुलाने गाव दान दिल्याचा हिशेब तांब्यावर लिहिला गेला म्हणून टिकला. बापाचे काव्य बहुधा भूर्जपत्रावर किंवा ताडपत्रावर असणार, ते गेले. राजाचे काव्य, राजधानीत रचलेले, देशभर नावाजलेले. आणि तेच गेले!

मग प्रश्न असा पडतो की, ग्रंथ जगतो तो कशाने? राजा लिहितो म्हणून नाही. मोठे लोक वाखाणतात म्हणूनही नाही. याचे उत्तर वाशीमपासून फार दूर नाही. ते याच जिल्ह्यात, कारंज्याला आहे.

कारंजा लाड हे जुने पेठेचे गाव. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त तिथे जातात, हे तुम्ही जाणताच. त्याच गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत. एक सेनगणाचे, एक बलात्कारगणाचे आणि एक काष्ठासंघाचे. गण आणि संघ म्हणजे साधूंच्या परंपरा. या परंपरांचे भट्टारक, म्हणजे धर्मपीठाचे प्रमुख, कारंज्याला राहत. ते दूरदूरच्या प्रांतांत हिंडत, आणि त्यांच्यामागून पोथ्या येत. अशा रीतीने शेकडो वर्षांत कारंज्याला ग्रंथांची भांडारे तयार झाली.

या भांडारांची रीत समजून घेण्याजोगी आहे. पोथी नकलून घेणे आणि ती मंदिराला किंवा साधूला देणे, याला शास्त्रदान म्हणत. अन्नदानासारखेच ते पुण्य. कुणी व्रताचे उद्यापन केले, कुणाच्या घरचे माणूस गेले, की एक ग्रंथ लिहवून घ्यायचा. शेवटच्या पानावर नकलणाऱ्याने लिहायचे, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी ही पोथी लिहिली. पाने लाकडी पट्ट्यांत धरायची आणि कापडाच्या बासनात घट्ट बांधायची. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणतात. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होई, पोथ्या बाहेर निघत, झटकल्या जात, पुन्हा बांधल्या जात. पावसाळ्याच्या तोंडावर हे होई, हे ध्यानात घ्या. धर्म तर झालाच, आणि वाळवी-बुरशीची पाहणीही झाली!

अशा बासनांत एक कवी झोपी गेला होता. त्याचे नाव पुष्पदंत.

हा पुष्पदंत दहाव्या शतकातला. बापाचे नाव केशवभट्ट, आईचे मुग्धादेवी. काश्यपगोत्री ब्राह्मण कुटुंब, आधी शिवभक्त, मग जैन झालेले. अंगाने सडपातळ, रंगाने सावळा, दिसायला कुरूप. हे मी म्हणत नाही, त्यानेच आपले वर्णन असे केले आहे. पैसा नाही, घरदार नाही, पण मान मोठा. स्वतःला तो ‘अभिमानमेरू’ म्हणवी, म्हणजे अभिमानाचा मेरुपर्वत. आणखी एक नाव त्याने घेतले होते, ‘काव्यपिशाच’. काव्याने झपाटलेला माणूस!

एका राजाची त्याने स्तुती केली होती. तिथे त्याचा अपमान झाला. तो उठला, चालत सुटला आणि मान्यखेटच्या बाहेर एका बागेत येऊन बसला. मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, राष्ट्रकूटांची राजधानी. त्या वेळी तिसरा कृष्ण राज्य करीत होता. दोघे जण कवीजवळ आले आणि म्हणाले, गावात चला. कवी म्हणाला, दुर्जनांच्या वाकड्या भिवया पाहण्यापेक्षा डोंगरकपारीत कंदमुळे खाल्लेली बरी. पण त्यांनी भरत नावाच्या मंत्र्याचे गुण सांगितले, आणि कवी भरताच्या घरी गेला. भरताने त्याला न्हाऊ-जेवू घातले, राहायला जागा दिली. मग म्हणाला, कविराज, तुम्ही राजाची स्तुती केलीत ना, तिचे प्रायश्चित्त म्हणून आता थोर पुरुषांची कथा लिहा.

इ. स. ९५९ मध्ये काम सुरू झाले. पहिला भाग पुरा झाल्यावर कवीचे मन उडाले. काही केल्या लेखणी चालेना. तो सांगतो की, स्वप्नात सरस्वती आली, भरतानेही विनवले, मग पुन्हा काम धरले आणि ९६५ मध्ये आषाढ शुद्ध दशमीला ‘महापुराण’ संपले. त्यात १०२ सर्ग, म्हणजे त्याच्या भाषेत ‘संधी’. विषय त्रेसष्ट शलाकापुरुषांचा: चोवीस तीर्थंकर, बारा चक्रवर्ती, नऊ बलभद्र, नऊ नारायण, नऊ प्रतिनारायण. राम आणि कृष्ण यांच्या जैन परंपरेतल्या कथा यातच येतात.

पुढे भरताचा मुलगा नन्न याच्या आश्रयाने त्याने आणखी दोन काव्ये लिहिली. एक ‘णायकुमारचरिउ’, म्हणजे नागकुमाराचे चरित्र. दुसरे ‘जसहरचरिउ’, म्हणजे यशोधर राजाचे चरित्र. या दुसऱ्यातली गोष्ट खेड्यातल्या माणसाला आजही भिडेल. यशोधर राजाला जिवंत प्राणी मारायचा नाही, आईला देवीपुढे बळी हवा. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून बळी दिला. पण मनात तर मारण्याचा भाव आला ना? त्या एका भावापायी मायलेकरांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावे लागले. हात काय करतो यापेक्षा मन काय करते हे कवीला मोठे वाटते.

त्याची भाषा अपभ्रंश. नाव ऐकून ती बिघडलेली भाषा असे समजू नका. प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्या मधली ती पायरी. पुष्पदंताच्या भाषेत ‘तुप्प’, ‘चिक्खिल्ल’, ‘बोक्कड’, ‘पंगुरण’, ‘उक्कुरुड’ असे शब्द अभ्यासकांनी दाखवले आहेत. तूप, चिखल, बोकड, पांघरूण, उकिरडा! कोश उघडायची गरज आहे का? ज्ञानेश्वरीच्या आधी सव्वातीनशे वर्षे हे शब्द काव्यात बसले होते. कवी मूळचा वऱ्हाडचा असावा असा तर्क पंडित नाथूराम प्रेमी यांनी केला होता. तो तर्कच आहे, त्याला पक्का पुरावा म्हणता येणार नाही. पण शब्द मात्र आपल्या अंगणातले आहेत.

आता पुढचा प्रसंग. ९७२ च्या सुमारास माळव्याच्या परमार राजाने, सीयकाने, मान्यखेट लुटले, जाळले. कवीने ते डोळ्यांनी पाहिले. दीनांचा आधार असलेली नगरी जळून गेली, आता पुष्पदंत राहायचा कुठे, असा टाहो त्याच्या एका पद्यात आहे. नगरी गेली, राजघराणेही लवकरच गेले. या धुमाळीत त्याची काव्येही जायची, सर्वसेनाच्या काव्यासारखीच.

पण ती गेली नाहीत. कारण तोवर ती नकलली जाऊ लागली होती. एकाकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने, दक्षिणेतून उत्तरेत. किती दूर? १३०८ साली, विक्रम संवत १३६५ मध्ये, दिल्लीला गंधर्व नावाचा एक कवी ‘जसहरचरिउ’ वाचत होता. एका सावकाराच्या आग्रहावरून त्याने त्यात तीन प्रकरणे आपल्या पदरची घातली. आणि विशेष असे की, ही माझी भर आहे, हे त्याने तिथेच प्रामाणिकपणे लिहून ठेवले. नाहीतर त्याची तारीख पाहून कुणी पुष्पदंतालाच चौदाव्या शतकात नेऊन बसवले असते!

आता विसाव्या शतकात या. त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची यादी करण्याचे काम रायबहादूर हिरालाल यांनी केले. ती यादी १९२६ साली नागपूरला छापली गेली. कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नावे तिच्यात आली, आणि विद्वानांचे डोळे विस्फारले. अपभ्रंशात इतके मोठे वाङ्मय आहे याची अनेकांना कल्पनाच नव्हती. दुसरे हिरालाल, म्हणजे डॉ. हिरालाल जैन. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवीत. त्यांनी या पोथ्यांचा ध्यास घेतला. कारंज्याच्या चवरे घराण्याने आश्रय दिला, आणि कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ मध्ये डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलेले ‘जसहरचरिउ’ निघाले, १९३३ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांचे ‘णायकुमारचरिउ’. प्रचंड ‘महापुराण’ डॉ. वैद्यांनीच संपादले, १९३७ ते १९४१ या काळात मुंबईच्या माणिकचंद्र ग्रंथमालेतून त्याचे तीन खंड निघाले. एक तालुक्याचे गाव, आणि तिथून निघालेली पुस्तके जगभरच्या भाषापंडितांच्या टेबलावर!

संपादन म्हणजे काय, हे गुरुजींना एका उदाहरणाने सांगतो. फळ्यावर तुम्ही एक उतारा लिहिला. वर्गातल्या चाळीस मुलांनी तो उतरवून घेतला. मग फळा पुसला गेला. आता मूळ उतारा कसा मिळवायचा? वह्या समोर ठेवायच्या. एकाने शब्द गाळला, दुसऱ्याने ओळ दोनदा लिहिली, तिसऱ्याने शेजाऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवली. पण सगळे एकाच जागी चुकत नाहीत. वह्या ताडून पाहिल्या की मूळ शब्द हाती येतो. डॉ. वैद्यांनी नेमके हेच केले. जुन्या पोथ्यांत गंधर्वाची तीन प्रकरणे नाहीत, इतरांत आहेत, असे ताडून त्यांनी भर वेगळी काढली आणि पुष्पदंताचे पुष्पदंताला दिले. म्हणूनच एक पोथी छापली गेली म्हणून दुसरी टाकून द्यायची नसते. प्रत्येक पोथी म्हणजे साक्षीदार असते.

कवीचे चरित्रही असेच मिळाले. त्याच्या जन्माचा दाखला नाही, स्मारक नाही. आपल्याविषयी जे सांगायचे ते त्याने काव्याच्या सुरुवातीला आणि शेवटी गुंफले. काव्य जपले गेले म्हणून माणूस जपला गेला. एका पोथीने दुसरीकडे कसा उजेड पडतो तेही पाहा. कारंजा ग्रंथमालेत १९३४ साली कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ निघाले. त्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन आहे. ते धाराशिवच्या लेण्यांशी जुळते, हे डॉ. हिरालाल जैन यांनी दाखवून दिले. पोथी वाशीम जिल्ह्यात, लेणी धाराशिवला, आणि इतिहासाचा धागा दोन्हींमधून ओवलेला.

ही चिंता आपल्याच देशाची आहे असे नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळींच्या प्रार्थनेची जी हिब्रू भाषा, त्या भाषेतला श्मुएल योसेफ अग्नोन हा थोर कादंबरीकार. १९२४ साली जर्मनीत त्याच्या घराला आग लागली, आणि ग्रंथसंग्रहाबरोबर एका कादंबरीचे हस्तलिखितही जळाले. ते परत मिळाले नाही. १९२९ च्या दंगलीत जेरुसलेमचे घर लुटले गेले. पुढे १९६६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये तो गेल्यावर त्याच्या मुलीने, एमुना यारोन हिने, राहिलेली हस्तलिखिते लावून एकामागून एक पुस्तके छापली. त्याचे घर लोकांसाठी खुले झाले, कागद राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. पाहा, मान्यखेटची आग आणि तिकडची आग सारखीच. आणि आगीनंतर बसून पाने लावणारे हातही सारखेच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नुसते कुलूप लावणे म्हणजे जपणे नव्हे. पोथीला हळदकुंकू वाहिले, पण ती कुणाला वाचू दिली नाही, तर ती आतल्या आत मरते; आधी ती वाचणारी माणसे संपतात, आणि मग कसर तिचे पान खाते. कारंज्याचे मोठेपण दुहेरी आहे. त्यांनी शतकानुशतके पोथ्या बांधून ठेवल्या, आणि वेळ आल्यावर त्या सोडूनही दिल्या. दोन्ही केले म्हणून पुष्पदंत वाचला.

तेव्हा गुरुजन हो, तुमच्याही गावात, एखाद्या माळ्यावर, देवघरात, मठात, कुणा महानुभाव किंवा जैन घरात, जुन्या वैद्याच्या किंवा कुळकर्ण्याच्या पेटीत बासन असेल. ते कुणी नदीत सोडायला निघाले तर हात धरा. जुनी पोथी नदीत सोडण्यात पुण्य नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागद खातो. पान उन्हात वाळत घालू नका. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. मालकाची परवानगी घेऊन पानांची छायाचित्रे काढा. ते यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पहिले आणि शेवटचे पान अवश्य घ्या, कारण नाव, गाव, वर्ष बहुधा तिथेच असते. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, की इसवी सन येतो. एखाद्या वर्षाचा फरक पडेल. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित घाला. शक ८८१ म्हणजे कोणते साल? पुष्पदंताने महापुराण हाती घेतले ते. मुले विसरणार नाहीत. आणि मग ती माहिती जवळच्या विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला कळवा. केंद्र सरकारने २००३ साली देशभरच्या हस्तलिखितांची नोंद करण्याचे काम हाती घेतले, पण दिल्लीच्या माणसाला तुमच्या गावचा माळा कसा दिसणार? तो तुम्हालाच दिसतो.

सर्वसेन राजा होता, त्याचे काव्य गेले. पुष्पदंत निराधार होता, त्याचे काव्य राहिले. फरक एवढाच की, दुसऱ्यासाठी कुणीतरी दिव्याच्या उजेडात बसून मान मोडेपर्यंत नक्कल केली, कुणीतरी दर साल बासन सोडून पुन्हा बांधले, आणि कुणीतरी विचारणाऱ्याला दार उघडले. यांतल्या बहुतेकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांचे काम आता आपल्या हाती आले आहे.